दवबिंदूची साक्ष, चतुराची कात

या वेळच्या टपालात उत्तर युरोपातल्या दलदलींबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. मुलगी स्वीडनमध्ये यॉनशॉपिंगला राहते, त्यामुळे माझे पाच उन्हाळे तिकडच्या चिखलात गेले आहेत. ही बातमी वाचकांपर्यंत पोचलेली दिसते.

प्रश्न: ताई, जुलैत आम्ही दोघं स्मोलंडमधल्या स्टूरे मोसे राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. दलदलीवर टाकलेल्या फळ्यांवरून चालताना दोन गोष्टी दिसल्या. फळीच्या कडेला शेवाळात रुतलेलं, नाण्याएवढं लालभडक रोप, पानांवर थेंब. आणि त्याच फळीवर ऊन खात बसलेला काळा-लाल, पांढऱ्या तोंडाचा चतुर. दोन्हींचे फोटो सोबत आहेत. नवरा म्हणाला, "हा चतुर दिसला म्हणजे दलदल ठणठणीत." मी म्हटलं, चतुर काय, उडत कुठूनही येईल, रोप उगवलंय ते खरं. वाद घरापर्यंत आला. पैज अशी की हरणाऱ्याने दोघांचे बूट धुवायचे. बूट अजून दारात तसेच पडलेत. निकाल द्या. (गोथेनबर्गची वाचक)

उत्तर: आधी बूट कोमट पाण्यात भिजत घाला. पीटचा, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा, चिखल वाळला की ब्रशला जुमानत नाही, आणि माझं उत्तर लांबणार आहे.

फोटो स्वच्छ आलेत. रोप म्हणजे गोल पानांचा दवबिंदू, ड्रोसेरा रोटुंडिफोलिया, पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरून खाणारं. उत्तर युरोपात दवबिंदूच्या तीन जाती आहेत, त्यांतली ही सगळ्यांत जास्त भेटणारी. नाव ठेवलं स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयसने, १७५३ साली. तो स्मोलंडचाच, रोसहुल्टचा, म्हणजे तुम्ही त्याच्या परसातच फिरत होतात. चतुर म्हणजे ल्युकोरिनिया डुबिया. पंखाच्या टोकाजवळचा ठिपका काळा आहे आणि मागच्या पंखाच्या बुडाशी गडद डाग आहे, त्यावरून सांगते. त्याचा एक भाऊबंद, ल्युकोरिनिया रुबिकुंडा, तसल्याच डबक्यांवर उडतो, पण त्याच्या नराचा ठिपका तांबूस असतो आणि अंगावरची लाली जास्त पसरलेली. आता गंमत बघा. ल्युकोरिनिया म्हणजे पांढऱ्या नाकाचा, आणि डुबिया म्हणजे शंकास्पद. तुमच्या नवऱ्याने साक्षीदार उभा केला तो नावातच शंका घेऊन आलेला.

पण त्यांना हसू नका, हीच चूक मीही केली आहे. पहिल्या उन्हाळ्यात एका डबक्याकाठी तासभर बसून मी वहीत लिहिलं: पांढरतोंडे चतुर, अकरा. ती वही मोठ्या ऐटीत तिथल्या एका म्हाताऱ्याला दाखवली. पेशाने सुतार, पण रविवार सगळे दलदलीत काढलेले. त्याने आकडा वाचला, मान डोलावली आणि एवढंच विचारलं, "काती किती?" एकही नव्हती. मी शोधल्याच नव्हत्या. "मग हे पाहुणे," तो म्हणाला आणि थर्मासमधली कॉफी ओतायला लागला.

चतुराचा जन्म पाण्यात. मादी उडता उडता शेपटीचं टोक पाण्याला लावते आणि तरंगत्या शेवाळात अंडी सोडत जाते. त्यातून निघालेलं पिल्लू, पुस्तकी भाषेत डिंभ, साधारण दोन वर्षं त्याच डबक्यात राहतं. वर बर्फ धरलं तरी खाली शेवाळात दबा धरून असतं. मग मे-जूनमधल्या एखाद्या उबदार सकाळी कापूसगवताच्या काडीवर किंवा नुसत्या शेवाळाच्या गादीवर चढतं, पाठ उकलते, आणि आतून ओला, फिका चतुर बाहेर येतो. पंख वाळले की तो पाण्यापासून लांब, झाडांच्या कडेला निघून जातो, तिथे काही दिवस खाऊन-पिऊन रंग धरतो आणि मग पाण्यावर परततो. परततो तो ह्याच डबक्यावर असं मात्र नाही. हवेतलं त्याचं आयुष्य काही आठवड्यांचं. तुमच्या फळीवर बसलेला जीव त्या काळातला आहे, जेव्हा त्याला कुठेही बसायची मुभा असते.

काडीवर उरते ती कात. तपकिरी, कुरकुरीत, जेमतेम दोन सेंटिमीटरची, आणि पाठीच्या चिरेतून पांढरे दोरे लोंबत असतात. ते दोरे म्हणजे त्याच्या जुन्या श्वासनळ्यांचं अस्तर. मला ते प्रथम दिसले तेव्हा वाटलं, कोळ्याचं काम. तर ही कात म्हणजे जन्मदाखला. हे डबकं गेली दोन वर्षं पिल्लाला जगवण्याइतकं टिकलं, असं ती सांगते. हवेतला चतुर यातलं अक्षरही सांगत नाही.

इथपर्यंत तुमची बाजू वरचढ. पण दवबिंदूलाही जरा उलटतपासणीला उभा करू.

तो जागेवरून हलत नाही, हे खरं. शेवाळाच्या उशीत बसतो. हे शेवाळ म्हणजे स्फॅग्नम, दलदलीचं खरं मालक. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरून ठेवतं आणि भोवतालचं पाणी आंबट करतं. ते दरवर्षी वर वाढत जातं, म्हणून दवबिंदूला गाडलं जायचं नसेल तर त्याच्याबरोबर चढावं लागतं. हिवाळ्यात तो एका घट्ट कळीपुरता उरतो, वसंतात त्या कळीतून नवा पानांचा चक्राकार गुच्छ, गेल्या वर्षीच्या गुच्छाच्या वर. एकदा फळ्यांची डागडुजी चालू असताना शेवाळाचा एक ढेकूळ उपटून बाजूला पडला होता. तो हातात घेतला तर दवबिंदूचं बारीक खोड आणि त्यावर एकाखाली एक काळपटलेले गुच्छ, माळ्यावर माळा रचल्यासारखे. मी चार मोजले, पुढचे कुजले होते. एवढा हिशेब ठेवणारं रोप खोटं कशाला बोलेल, असं मलाही वाटलं होतं.

बोलतं मात्र. त्याला हवं असतं ऊन, ओल आणि उपाशी जमीन. दलदल निचरून टाकायला खणलेल्या चराच्या ओल्या भिंतीवरही तो खुशाल उगवतो. पीट खरवडून नेलेल्या उघड्याबोडक्या ओल्या जागेवर पहिल्या आलेल्यांत तो असतो. मी एका चराच्या काठावर दवबिंदूंचा असा लालचुटुक पट्टा पाहिला आहे की फोटो काढावा, आणि दहा पावलांवर ती दलदल वाळून पाइनची पोरकट झाडं उभी. म्हणजे रोप दिसलं तर त्याच्या बुडाखालची वीतभर जागा ओली आणि नापीक आहे, एवढंच खात्रीने म्हणायचं. दलदलीचा गावभर डंका त्यावरून पिटायचा नाही.

फिनलंडचंच बघा. त्या देशाची सुमारे एक तृतीयांश जमीन मुळात दलदलीची, आणि त्यातली निम्म्याहून जास्त जंगल वाढवण्यासाठी चर खणून निचरली गेली. दवबिंदू तरीही सामान्य रोपांतच मोजला जातो.

एक गोष्ट मात्र दवबिंदू अशी सांगतो की तिथे चतुर मुका. हवेचा हिशेब. या जमिनीत नायट्रोजन नसल्यासारखाच, म्हणून तो किड्यांतून मिळवतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वीडनमधल्या दलदलींतल्या दवबिंदूंनी नायट्रोजन कुठून घेतला ते तपासलं. जिथे पावसाबरोबर येणारं नायट्रोजनचं प्रदूषण कमी, तिथे ५७ टक्के नायट्रोजन किड्यांतून आलेला. जिथे प्रदूषण जास्त, तिथे २२ टक्के. आयतं मुळाशी पडायला लागलं की शिकारी आळसावतो. गाड्यांचा धूर आणि शेतातली खतं यांचा हिशेब गोल पानांत लिहिला जातो, हे मला त्या रोपाचं सगळ्यांत मोठं मोल वाटतं.

आता चतुराच्या बाजूचा हुकमाचा पत्ता, आणि तोही उलटा पडणारा. सगळे समजतात की ह्या चतुराला आंबट पाणी आवडतं. त्याला आवडतं ते मासे नसलेलं पाणी. त्याचं पिल्लू दिवसाढवळ्या हिंडतं, पर्च माशाला आयतं सापडतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवलं की मासे असलेल्या तळ्यांत याच जातीच्या पिल्लांच्या पाठीवरचे काटे जास्त लांब असतात. म्हणजे बिचारी काट्यांवर निभावून नेतात, पण जिथे मासा नाही तिथेच त्यांची चंगळ. दलदलीतल्या आंबट डबक्यात मासा टिकत नाही, म्हणून दलदल हे त्यांचं घर.

मग बाहेरच्या तळ्यांतले मासे मेले तर? तेच झालं. १९६७ साली स्वान्ते ओडेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने वर्तमानपत्रात लिहून पहिल्यांदा लोकांना हादरवलं की पाऊस आंबट झालाय आणि तो दूरच्या धुराड्यांतून येतोय. दक्षिण स्वीडनमधली कित्येक तळी त्या काळात आंबली, मासे गेले, तळाशी स्फॅग्नमचा गालिचा पसरला, आणि त्या गालिच्यावर आपल्या डुबियाची पिल्लं बागडायला लागली. काडीकाडीवर काती सापडल्या असत्या. जन्मदाखले सगळे खरे, आणि तळं मेलेलं. पुढे सरकारने तळ्यांत चुना टाकायला घेतला, प्रयोग म्हणून १९७७ पासून. पाणी सुधारलं, मासे परतले की चतुराची सद्दी संपते. तळ्यासाठी चांगली बातमी, चतुरासाठी वाईट. म्हणून कात सापडली तरी आधी आपण उभे आहोत ते दलदलीचं डबकं आहे की तळं, ते बघायचं.

तर निकाल. नवऱ्याने नुसता उडता चतुर दाखवला, कात दाखवली नाही, म्हणून तो हरला. पण तुम्ही दवबिंदूवरून अख्ख्या दलदलीला प्रशस्तिपत्र दिलंत, म्हणून तुमचाही विजय पूर्ण नाही. त्याने तीन बूट धुवावेत, एक तुम्ही. कुठला, ते आपसात ठरवा.

प्रश्न: दवबिंदू चतुराला खातो का? मित्र म्हणतो खातो, मला पटत नाही. एवढंसं रोप आणि एवढा मोठा किडा! (टार्टूमध्ये शिकणारा वाचक, एस्टोनिया)

उत्तर: तुमचा मित्र बहुधा टाचणीला चतुर म्हणतोय. टाचणी म्हणजे चतुराची नाजूक चुलत बहीण. बसली की पंख बहुतेक पाठीवर मिटते, अंग काडीसारखं. ती सापडते, मी स्वतः बऱ्याचदा पाहिली आहे. बहुतेक वेळा नुकती कातेतून निघालेली, अंग मऊ, पंख धड वाळलेले नाहीत. पहिल्याच उड्डाणात पंखाचं टोक पानाला लागतं, सुटायच्या धडपडीत दुसरा पंख दुसऱ्या पानाला, आणि झालं. बरेचदा एक टाचणी तीन-चार पानांनी मिळून धरलेली दिसते, कधी तर दोन रोपांची भागीदारी.

पुरा वाढलेला चतुर मात्र दवबिंदूला झेपायचा नाही. मी एकदाही पाहिला नाही. पण चार्ल्स डार्विनच्या १८७५ च्या ग्रंथात एक नोंद आहे: एका पाद्र्याने त्याला कळवलं होतं की एक मोठा जिवंत चतुर दोन पानांत घट्ट अडकलेला सापडला. डार्विन या रोपाने झपाटला होता. १८६० च्या उन्हाळ्यात ससेक्समधल्या माळावर त्याला किडे चिकटलेली पानं दिसली आणि त्याच वर्षी त्याने मित्राला लिहून टाकलं की सध्या मला जगातल्या सगळ्या जातींच्या उगमापेक्षा ड्रोसेराची जास्त पर्वा आहे. हे उगमाचा ग्रंथ आल्याला जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा! त्याने एकतीस पानांवरचे केस मोजले, सरासरी १९२ निघाली. एका मोठ्या पानावर तर त्याला तेरा किड्यांचे अवशेष मिळाले.

तुमच्या पत्रात 'चिकटून मरतो' असं आहे, त्यात थोडी भर घालते. प्रत्येक केसाच्या टोकाला लाल गाठ असते आणि तिच्यावर चिकट थेंब. किडा धडपडला की शेजारचे केस त्याच्याकडे वळतात, किडा पानाच्या मध्याकडे ओढला जातो, श्वासाची भोकं द्रवाने बुजतात. मग पाचक रस. पान पुन्हा उघडायला काही दिवस लागतात आणि तोवर आत उरतं ते रिकामं टरफल. टरफल बघून कात समजू नका. मी समजले होते, आणि सुताराने पुन्हा कॉफी ओतली होती.

शिकारीपेक्षा मला त्यांची भाऊबंदकी गमतीची वाटते. दोघंही त्याच चिलटांवर, त्याच बारीक माश्यांवर जगतात. एक झेप घेऊन पकडतो, दुसरा हात पसरून वाट बघतो. चतुर दवबिंदूच्या ताटातलं पळवतो, असं म्हणायला हरकत नाही. पण दलदलीत चिलटं एवढी असतात की भांडायची वेळ येत नाही. ती शेवटी माझ्या मानेवर येतात.

प्रश्न: तीन उन्हाळे झाले, आमच्या घरामागच्या दलदलीत दवबिंदू भरपूर आहे, फुलाचे दांडेही येतात, पण उघडलेलं फूल एकदाही पाहिलं नाही. सगळ्या कळ्याच. रोपात काही खोट आहे का? (टांपेरेची वाचक, फिनलंड)

उत्तर: खोट वेळेत आहे. तुम्ही कामावरून आल्यावर, संध्याकाळी जाता, असं पत्रावरून दिसतं. फिनलंडमध्ये जुलैत रात्री दहालाही उजेड असतो म्हणून आपण फसतो. फुलाला तो उजेड चालत नाही. भर उन्हाचा दिवस हवा, आणि तेव्हाही ते काही तासच उघडतं. दांड्यावर कळ्या रांगेत, एका बाजूला झुकलेल्या. त्यांतली बहुधा एकच त्या दिवशी उमलते. पाच पांढऱ्या पाकळ्या, सगळं फूल नखाएवढं. ढगाळ आठवडा असेल तर कळी न उघडता आतल्या आत स्वतःचंच परागण उरकून घेते आणि बी धरते. तुम्ही पाहिलेल्या कळ्यांतल्या काही कळ्या नसून फळं असणार. जरा दाबून बघा, आत काळसर भुसा असेल. तेच बी.

दांडा एवढा उंच का, हेही तुम्ही विचारलंय. परागण करायला येणारा किडा आणि पोटात जाणारा किडा यांची गल्लत होऊ नये म्हणून, असं एक स्पष्टीकरण देतात. मला ते पटतं, जरी ज्याला स्वतःचंच परागण जमतं त्याने एवढी काळजी का करावी हा प्रश्न उरतोच.

एक युक्ती. फूल उघडलंय का, हे लांबून ओळखायचं तर चतुर बघा. डुबियाचे नर उन्हातच पाण्यावर येतात; ढग आला की पाच मिनिटांत डबकं रिकामं, सगळे झुडपांत. डबक्यावर नरांच्या मारामाऱ्या चालू असतील, वेळ दुपारची असेल, तर गुडघे टेका आणि दांडे बघा. सतरंजी न्या. गुडघ्यांना ओल लागते आणि ती रात्री कळते.

प्रश्न: आम्ही नॉर्वेत बर्गनला असतो. इथे चतुराला 'ओयेनस्टिकर' म्हणतात, म्हणजे डोळे टोचणारा. आमची सहा वर्षांची लेक चतुर दिसला की डोळे झाकते. खरंच टोचतो का? (बर्गनचे वाचक)

उत्तर: मुळीच नाही. त्याच्याकडे नांगीच नाही. मुठीत धरलात तर मोठा चतुर बोटाला जबड्याने चिमटा काढेल, तोही नाइलाजाने.

लेकीला शेजारच्या देशांतली नावं सांगा. डेन्मार्कमध्ये तो 'गुल्डस्मेड' आहे, म्हणजे सोनार. स्वीडनमध्ये 'ट्रोलस्लेंडा', म्हणजे ट्रोलाची, तिकडच्या लोककथांतल्या राक्षसाची, सूत काततानाची चाती. सोनार ऐकल्यावर तिची भीती जाईल, ट्रोल ऐकून पुन्हा येईल, तेव्हा क्रम सांभाळा. दवबिंदूचं नाव तुमच्या नॉर्वेत फार गोड आहे, 'सूलडॉग', सूर्याचं दव. बाकीचं दव ऊन वर आलं की उडून जातं, हे भर दुपारी पानावर टिकतं, त्यावरून आलेलं. एस्टोनियाचे लोक त्यालाच 'हुलहेन' म्हणतात, ओठगवत. टार्टूच्या वाचकाने हे वाचलं असेल तर त्याने आपल्या मित्राला ऐकवावं.

प्रश्न: मी मँचेस्टरला असते. शनिवार-रविवारी बाहेर पडते. कंब्रियातल्या फोलशॉ मॉसवर पांढऱ्या तोंडाचा चतुर माणसांनी आणून सोडला, असं वाचलं. दवबिंदू तिथे आधीच होता म्हणतात. मग चतुर आपला आपण का आला नाही? त्याला तर पंख आहेत! (मँचेस्टरची वाचक)

उत्तर: पत्रांतला सगळ्यांत चांगला प्रश्न तुमचा. पंख असलेल्याला उचलून न्यावं लागतं आणि मुळं असलेलं चालत येतं, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही उलटंच वाटलं होतं.

फोलशॉ मॉस ही जुनी दलदल. विसाव्या शतकात तिच्यावर चर खणून सूचिपर्णी झाडं लावली. १९९८ साली तिथल्या वन्यजीव संस्थेने ती विकत घेतली, झाडं तोडली, चर बुजवले, पाणी परत वर आलं. शेवाळ आलं, दवबिंदू फोफावला. त्याचं बी म्हणजे हवेची पिशवी. साल सैल, आत पोकळी, वाऱ्यावर जातं, पाण्यावर तरंगतं. त्याला एक ओली, उघडी, उन्हाची जागा मिळाली की पुरे, आणि अशी जागा एखाद्या बुजवलेल्या चराच्या काठीही मिळते. एकच रोप आलं तरी स्वतःचं परागण स्वतः करून पुढच्या वर्षी पंचवीस.

चतुराला निदान दोघं लागतात, नर आणि मादी, आणि तीही एकाच काही आठवड्यांत, एकाच डबक्यावर. शिवाय डबकं बिनमाशांचं, काठाला तरंगतं स्फॅग्नम असलेलं, दोन वर्षं न आटणारं, आणि जवळ आडोशाला झाडं. इंग्लंडमध्ये हा चतुर मोजक्याच ठिकाणी उरला होता, मधली सगळी जमीन शेतं आणि गावं. स्वीडनमध्ये एका दलदलीतून दुसरी दिसते, तिथे तो हे अंतर सहज कापतो. तुमच्याकडे मधला पूलच नाही. म्हणून २०१० पासून फोलशॉ मॉसवर दुसरीकडची पिल्लं आणून सोडली, आणि २०१३ पासून चेशरमधल्या डेलामिअर जंगलातही तसंच केलं. डेलामिअर तुम्हाला जास्त जवळ पडेल.

मी मघाशी गोथेनबर्गच्या जोडप्याला सांगितलं की उडता चतुर कुठूनही येतो. तुमच्या प्रश्नाने त्याला वेसण घातली. येतो, पण जवळपास दुसरं घर असेल तर. एकट्या पडलेल्या दलदलीत तुम्हाला उडता डुबिया दिसला तर तो बहुधा तिथलाच. तेव्हा मे अखेरीला फोलशॉच्या फळ्यांवर जा, दुर्बीण घ्या, आणि डोळे पाण्याच्या काठावर ठेवा.

प्रश्न: मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी दलदलीतून दवबिंदूचं एक रोप आणि चतुराची एक कात घरी आणली तर चालेल का? स्वीडनमध्ये निसर्गात फिरायचा हक्क सगळ्यांना आहे ना? (गोथेनबर्गचेच, पण दुसरे वाचक)

उत्तर: हक्क फिरायचा, उपटायचा नाही. राष्ट्रीय उद्यानात तर रोपाला हातच लावू नका. तिथले नियम वेगळे आणि कडक असतात, फाटकाशी पाटीवर लिहिलेले असतात, ते वाचा. बाहेरही रोप आणू नये असं माझं मत, नियमासाठी नाही तर रोपासाठी. घरच्या नळाच्या पाण्याने आणि कुंडीतल्या खतमातीने ते मरतं. उपाशी जमिनीला सोकावलेल्याला पक्वान्नं सोसत नाहीत. फिनलंडमध्ये दवबिंदू खोकल्याच्या औषधासाठी गोळा करतात हे खरं, पण ते दलदल ओळखणाऱ्या लोकांचं काम.

मुलाला रोपाचं चित्र काढू द्या, तिथेच बसून. केस मोजायला लावा. डार्विनला १९२ मिळाले, बघू त्याला किती मिळतात. तासभर शांत बसेल, ही जास्तीची कमाई.

कात उद्यानाबाहेरची असेल तर एखादी आणायला माझी हरकत नाही. चतुर ती टाकून गेला आहे. पण आणायच्या आधी तिथेच चार गोष्टी वहीत लिहून घ्या: तारीख, डबकं कुठलं, काडी कसली, आणि पाण्यापासून किती बोटं वर. हे लिहिलं नाही तर ती नुसती टरफल. आणि आगपेटीत कापूस घालू नका. काताच्या पायांना बारीक आकडे असतात, ते कापसात अडकतात आणि काढताना सगळे पाय तुटून येतात. माझ्या पहिल्या तीन काती अशाच बिनपायांच्या आहेत. टिश्यूचा तुकडा गुळगुळीत घडी करून घाला, आणि डबीवर मुलाला स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवू द्या.